तीन दिवसांची डिजिटल शिक्षा

आमच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय परिषद झाली, त्याला आता बरीच वर्षं झाली. तिथे वाचलेल्या पेपरांपैकी एकाचाही विषय आज आमच्यातल्या कुणाला धड सांगता येणार नाही. पण आम्ही जुने चार-पाच जण कुणाच्या मुलाच्या रिसेप्शनला भेटलो, की कुणीतरी म्हणतंच, "आणि तो कार्लोस आठवतो का?" झालं! मग हातातलं आइस्क्रीम वितळून जातं आणि स्टेजवर जाऊन पाकीट द्यायचं राहून जातं.

किश्शांचं पापडाच्या डब्यासारखं असतं. एकच काढायला जावं, तर त्याला चिकटलेले आणखी दोन बाहेर येतात.

मी तेव्हा वसई पश्चिमेच्या एका कॉलेजात भूगोल शिकवत होते. परिषदेचा विषय होता, "विकसनशील देशांतील डिजिटल शिक्षण". ब्रॉडबँड वसईत नुकतंच आलं होतं आणि लोडशेडिंग आधीपासून मुक्कामाला होतं, असा तो काळ. खरं तर परिषद राज्यस्तरीय व्हायची होती. पण आमचे कॉम्प्युटरचे तुस्कानो सर, स्टाफमध्ये वयाने सगळ्यांत लहान, त्यांनी तिची माहिती इंटरनेटवर टाकली. थोड्याच दिवसांत केनियाहून मेल आली. मग बांगलादेश, नेपाळ, मोझांबिक!

प्राचार्य राऊत सरांनी मेलच्या प्रिंट वाचल्या आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अहो तुस्कानो, हे सगळे खरंच येणार?"

"सर, ते विचारतायत, राहायची सोय काय?"

राऊत सर निर्मळचे. केळी नि फुलांच्या वाडीत वाढलेला माणूस. दारात आलेल्याला परत पाठवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"येऊ द्या," ते म्हणाले. "हॉटेल नाहीये म्हणून कळवा. घरं आहेत."

अशी आमची राज्यस्तरीय परिषद बसल्या जागी आंतरराष्ट्रीय झाली. माझं नाव स्वागत समितीत टाकलं गेलं. कारण काय, तर, "मॅडम, तुमचा भूगोल आहे. तुम्हाला हे देश माहीत असतील!"

* * *

पहिला किस्सा गेटवरच्या फ्लेक्सचा.

फ्लेक्स छापायला दिला नालासोपाऱ्याच्या एका दुकानात. दुकानदार उत्तरेकडचा, कामाला चोख. मी स्वतःच्या हाताने मजकूर लिहून दिला होता. परिषदेच्या आदल्या संध्याकाळी फ्लेक्स आला, गेटवर चढला, आम्ही सगळे लांब जाऊन कौतुकाने बघायला लागलो. मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं, "विकसनशील देशांतील डिजिटल शिक्षा".

मी फोन केला.

"भैया, 'शिक्षण' लिहिलं होतं मी!"

"हां मॅडम," तो प्रेमाने म्हणाला, "वो गलती थी, हमने ठीक कर दिया!"

तोवर ऑफिसातला फोन वाजायला लागला होता. एका पालकांनी रस्त्यावरून जाताना फ्लेक्स वाचला होता. "माझा मुलगा एफवायला आहे. ही शिक्षा सगळ्यांना आहे की फक्त हजेरी कमी असलेल्यांना?"

आमचे गणिताचे जोशी सर निवृत्तीला टेकलेले. कॉम्प्युटर या वस्तूवर त्यांचा पहिल्यापासून राग. ते शांतपणे म्हणाले, "राहू द्या तसंच. तीन दिवस बसल्यावर कळेल कुठला शब्द बरोबर ते."

पण राऊत सरांनी शिडी मागवली. काना पांढऱ्या कागदाने झाकला, पुढे लाल कागदाचा "ण" कापून चिकटवला. रात्रभर खारा वारा सुटला. सकाळी दोन्ही कागद गायब, आणि पाहुण्यांच्या स्वागताला पुन्हा शिक्षा हजर!

आत हॉलमध्ये दुसरा बॅनर होता, तो बरोबर होता. नेपाळहून आलेले शर्माजी त्याच्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले. त्यांच्या भाषेतही शिक्षा म्हणजे शिक्षणच. मग राऊत सरांना बाजूला घेऊन, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने ते म्हणाले, "सर, बुरा मत मानिए. गेटवाला सही है. अंदरवाले में कुछ गडबड हो गई है."

* * *

पाहुण्यांना विमानतळावरून आणायचं काम इनासभाऊंच्या सुमोकडे होतं. इनासभाऊ आमच्या कॉलेजच्या सगळ्या सहलींचे ड्रायव्हर. केनियाच्या प्रोफेसर बाईंचं नाव ग्रेस. मी त्यांच्या नावाची पाटी इनासभाऊंच्या हातात दिली, तेव्हा ते खूश झाले. "मॅडम, माझ्या धाकट्या भैनीचं नाव बी ग्रेस! मंग ही पन आपली भैनच की!"

परिषदेच्या आदल्या दिवशी सकाळी विमान उतरलं. इनासभाऊंचा फोन आला, "भेटल्या, निघालो." त्यानंतर ते फोन उचलेनात. अकरा वाजले, बारा वाजले. नऊवारी नेसून आरती धरलेल्या मुली आळीपाळीने खुर्चीवर बसायला लागल्या. हार सुकले म्हणून राऊत सरांनी वाडीतून दुसरे मागवले. जेवणाची वेळ टळली. सर माझ्याकडे बघायचे, मी रस्त्याकडे.

"मॅडम, हायवेला काही झालं नसेल ना?"

मी काय सांगणार! परदेशातली एकटी बाई, पहिल्यांदाच या देशात आलेली, आणि आम्ही तिला हरवलं!

शेवटी सुमो आली. ग्रेसबाई उतरल्या. उंचनिंच, केस अगदी बारीक कापलेले. डोक्यात माळायला जागा नव्हती म्हणून मोगऱ्याचा गजरा मनगटाला गुंडाळलेला. हातात मिठाईचा बॉक्स.

"इनास! कुठे होतात?" राऊत सर ओरडलेच.

"सर, नायगावला भाच्याचं लगीन होतं ना आज. वाटेवरच हाय. म्हटलं, पाव्हणीला जेवल्याबिगर कशी आनायची? बरं नाय दिसत!"

"अहो, पण फोन तरी उचलायचा!"

"बँड वाजत होता ना सर. कुठे ऐकू येतंय!"

राऊत सर कळवळून ग्रेसबाईंकडे वळले आणि इंग्रजीत माफी मागायला लागले. बाईंनी त्यांना मधेच थांबवलं. त्या जे म्हणाल्या त्याचा अर्थ असा, की मी पुष्कळ परिषदांना जाते, पण विमानतळावरून मला हॉटेलात नेतात. घरात आजवर कुणी नेलं नव्हतं.

मग जरा जवळ येऊन त्यांनी मला हळूच विचारलं, "फक्त एक सांगाल का? त्यांतला नवरा मुलगा कुठला होता? मी तिघांना शुभेच्छा दिल्यात!"

* * *

मोझांबिकचे प्रोफेसर कार्लोस राऊत सरांच्या घरी, निर्मळला उतरले होते. फार अबोल माणूस. त्यांची भाषा पोर्तुगीज. इंग्रजी पेपर वाचून दाखवण्याइतपत यायचं, बोलायला लागले की अडायचे, आणि अडले की नुसते हसायचे.

राऊत सरांच्या मिसेस, सुलभावहिनी, त्यांना इंग्रजी बेताचंच. पहिल्या रात्री त्यांनी हौसेने सगळा स्वयंपाक केला. कार्लोस दोन घास जेवले, पाणी प्यायले, आणि हात जोडून उठले. वहिनींना रात्रभर चैन नाही. "एवढ्या लांबून आलेला माणूस माझ्या घरात उपाशी झोपला हो! आणि काय चुकलं तेही मला विचारता येईना!"

सकाळी त्या न्हाणीघरापाशी टॉवेल ठेवायला गेल्या आणि सवयीने म्हणाल्या, "आणि हा साबण."

कार्लोस थबकले. "साबांव?"

"साबण," वहिनी म्हणाल्या.

"साबांव!" कार्लोसनी साबण हातात घेऊन वर धरला. तो त्यांच्या भाषेतलाच शब्द होता! वहिनी शिकलेल्या, त्यांच्या लगेच लक्षात आलं. शेवटी वसईच ही, पोर्तुगीज इथे काय थोडे दिवस होते! त्या पाहुण्यांना सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि टोपलीतून एकेक वस्तू काढून दाखवायला लागल्या.

"बटाटा!"

"बाताता!"

"कोबी!"

"कोव्ह!"

"काजू!"

"काजू!" हा तर जसाच्या तसा निघाला. वहिनींनी टाळीसाठी हात पुढे केला आणि कार्लोसनी खणखणीत टाळी दिली.

मग वहिनींनी टोपलीतून हिरवी मिरची उचलली. कार्लोसचा चेहरा पडला. त्यांनी दोन्ही हात समोर धरून जोरजोरात मान हलवली, छातीवर हात ठेवला, आणि डोळ्यांतून पाणी आल्याचं बोटाने दाखवलं. रात्रीच्या उपवासाचं कारण कळलं! त्या दिवसापासून बिनमिरचीची भाजी वेगळी निघायला लागली आणि कार्लोस दोनदा भात मागून घ्यायला लागले.

राऊत सर दारात चहाचा कप घेऊन हे सगळं बघत होते. स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले, "इतकी वर्षं संसार केला. मी कोबी म्हटल्यावर हिने मला कधी टाळी दिली नाही हो!"

* * *

लोडशेडिंगचं आम्हाला आधीपासूनच टेन्शन होतं. राऊत सर स्वतः वीज कार्यालयात जाऊन इंजिनिअर साहेबांना भेटले होते. "साहेब, आंतरराष्ट्रीय परिषद आहे. तीन दिवस तेवढे सांभाळा."

"विषय काय आहे सर?"

"विकसनशील देशांतील डिजिटल शिक्षण."

साहेबांनी थोडा विचार केला. "मग सर, त्यांना खरी परिस्थिती बघू द्या की!"

उद्घाटन झालं, समई लागली, ग्रेसबाई भाषणाला उभ्या राहिल्या, पहिली स्लाईड पडद्यावर आली आणि लाईट गेले. आम्ही मंडपवाल्याकडून जनरेटर आणून ठेवला होता. तो सुरू झाला, पण असा काही धडधडायला लागला, की बाईंचे नुसते ओठ हलताना दिसत होते. शेवटी राऊत सरांनीच तो बंद करायला लावला. खिडक्या-दारं उघडली. हॉलमध्ये बाहेरच्या माडांवरचा उजेड आला. शरमेने माझी मान वर होईना.

तोवर खरं सांगायचं तर पाहुणे एकमेकांशी फारसं बोललेच नव्हते. जो तो आपल्या लॅपटॉपमध्ये. आता लाईटबरोबर नेटही गेलेलं, लॅपटॉप उघडून उपयोग नव्हता. बांगलादेशचे डॉक्टर रहमान, वेळेच्या बाबतीत अतिशय कडक गृहस्थ, त्यांनी घड्याळ बघितलं आणि विचारलं, "तुमच्याकडे केव्हा केव्हा जाते?"

जोशी सर म्हणाले, "सकाळी जाते, संध्याकाळीही जाते."

"म्हणजे मधे येते?" रहमान साहेबांनी कौतुकाने विचारलं.

हॉलमध्ये पहिल्यांदा हशा झाला. मग शर्माजी पुढे सरसावले. "हमारे यहाँ तो टाइमटेबल छपता है. कॅलेंडर के बाजू में टांगते हैं. मेहमान आए तो पहले वही दिखाते हैं."

ग्रेसबाई म्हणाल्या, त्यांच्याकडच्या एका शाळेतला कॉम्प्युटर ट्रकच्या बॅटरीवर चालतो. त्यामुळे ट्रक भाड्याने गेला की सुट्टी!

आता परिषद रंगात आली. जो तो आपला देश पुढे कसा ते सांगायला लागला. कार्लोस मात्र गप्प होते. रहमान साहेबांनी त्यांना मुद्दाम विचारलं, "आणि तुमच्या गावांमध्ये? लाईट जाते का?"

कार्लोसनी शब्द जुळवायला वेळ घेतला. मग म्हणाले, "नाही. आमच्याकडे लाईट जात नाही."

सगळे आश्चर्याने त्यांच्याकडे बघायला लागले.

"खांबच नाहीत," कार्लोस म्हणाले, आणि सगळ्यांत आधी स्वतःच हसले.

* * *

जोशी सरांनी पेपर वाचला, त्याचीही गोष्ट सांगायलाच हवी.

स्टाफमधल्या प्रत्येकाने पेपर वाचायचाच, अशी राऊत सरांची सक्ती होती. आणि पेपर म्हटला की स्लाईड्स आल्या. जोशी सरांनी आयुष्यात माउसला हात लावला नव्हता. तुस्कानो सर बिचारे चार दिवस त्यांच्यापाशी बसले, स्लाईड्स करून दिल्या, आणि म्हणाले, "सर, तुम्ही फक्त 'नेक्स्ट' म्हणा. मी इकडून बदलतो."

जोशी सरांनी पेपर झकास वाचला. दर दोन मिनिटांनी हात वर करून, मंत्र्याच्या थाटात, "नेक्स्ट!" आणि लगेच मागे चित्र बदलायचं. एवढी आज्ञाधारक वस्तू त्यांना नोकरीत कधी भेटली नव्हती. कॉम्प्युटरवरचा त्यांचा राग त्या पंधरा मिनिटांत निम्मा झाला.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या मिसेस मला भाजीबाजारात भेटल्या. जरा त्रासलेल्याच वाटल्या.

"काय शिकवलंत हो यांना तुम्ही? जेवताना पोळी हवी झाली की हात वर करतात नि म्हणतात, 'नेक्स्ट'!"

"मग तुम्ही काय करता?"

"पहिल्या दिवशी वाढली. दुसऱ्या दिवशी वाढली. तिसऱ्या दिवशी म्हटलं, लाईट गेलेत! आता उठा नि हाताने घ्या!"

* * *

पाहुण्यांना भेट काय द्यायची, यावर स्वागत समितीच्या तीन मीटिंगा झाल्या. शेवटी राऊत सरांनी सुकेळी सुचवली. वसईची खासियत. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्याच वाळक्या सोपटात बांधून ठेवायची. दिसायला काळपट तपकिरी, लांबट. चवीला खजुराच्या तोंडात मारेल अशी.

प्रत्येकाला सुंदर कागदात बांधून पुडकं दिलं. दुपारी मी बाहेर आले, तर शर्माजी गेटपासून जरा लांब, भिंतीच्या आडोशाला उभे. एक सुकेळं ऐटीत दोन बोटांत धरलेलं. आमच्या वॉचमनला विचारत होते, "भाई, माचिस मिलेगा?"

वॉचमन हबकला. "साहेब, खायचं हाय ते!"

"खाने का?" शर्माजींनी ते नाकाशी नेलं, जिभेने जरासं चाखलं, आणि मग पूर्ण खाल्लं. खिशातून दुसरं काढलं.

जाताना त्यांनी आणखी चार पुडकी मागून नेली. म्हणाले, "घर में बोलूंगा, सिगार छोड दिया!"

* * *

आता तुस्कानो सरांच्या लाईव्ह लिंकचा किस्सा.

तुस्कानो सर गासचे. घरची शेती. ते गावातल्याच शाळेत शिकले आणि तिथून रोज स्कूटरने कॉलेजला यायचे. या परिषदेत त्यांचा स्वतःचा पेपर नव्हता. त्यांना एकच गोष्ट करून दाखवायची होती. कॉलेजने रद्द केलेले दोन कॉम्प्युटर त्यांनी दुरुस्त करून आपल्या शाळेत नेऊन बसवले होते. फोनची लाईन खटपट करून मिळवली, कॅमेरा पदरचा घातला. तिसऱ्या दिवशी दुपारी गासच्या वर्गातली मुलं कॅमेऱ्यासमोर बसणार आणि आमच्या हॉलमधल्या पाहुण्यांशी थेट बोलणार! पुढे सगळ्या तालुक्यातल्या शाळा अशा जोडायच्या, असं त्यांच्या मनात होतं. गावात लोक त्यांना म्हणायचे, "कॉम्प्युटरनं भात पिकतो काय रे?" त्यालाही एकदा उत्तर द्यायचं होतं.

दुपारी लाईट होते. लिंक लागली. पडद्यावर गासचा वर्ग आला आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. चौथी-पाचवीची मुलं, तेल लावून चापून बसवलेले केस, मागे शाळेच्या भोईर बाई. बाईंनी खूण केली आणि मुलं उभी राहून गायला लागली.

आवाज येत नव्हता.

तोंडं उघडत होती, मिटत होती. तुस्कानो सरांनी ही वायर काढली, ती लावली. स्पीकर बदलला. मुलांचं गाणं संपलं, त्यांनी वाकून नमस्कार केला. आम्हाला एक सूरही ऐकू आला नाही. आमचा आवाजही तिकडे जात नव्हता. सर पुन्हा वायरी तपासायला लागले. सेशनचे अध्यक्ष रहमान साहेब घड्याळाकडे बघत होते. राऊत सर उठून तुस्कानो सरांच्या खांद्यावर हात ठेवायला निघाले होते, तेवढ्यात ग्रेसबाई पुढे आल्या.

त्यांनी टेबलावरचा चार्टपेपर घेतला, मार्करने मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाल्या, "याच्याखाली तुमच्या भाषेत लिहा." मी लिहिलं, "आवाज येत नाही. पण तुम्ही दिसता. छान दिसता." बाईंनी कागद हॉलमधल्या कॅमेऱ्यासमोर धरला.

पडद्यावरची मुलं पुढे झुकली. वाचलं. आणि एकदम उड्या मारायला लागली!

भोईर बाई हुशार. त्यांनी कॅमेरा फळ्याकडे वळवला. मग जे सुरू झालं ते फार सुंदर होतं. एक मुलगा फळ्यावर लिहून जायचा, "तुमच्याकडे सिंह आहे का?" मी भाषांतर करायचे, ग्रेसबाई उत्तर सांगायच्या, मी चार्टपेपरवर लिहायचे, "आहे. पण माझ्या घरात नाही." मुलं हसायची, बिनआवाजाची. कार्लोसनी कागदावर काजूचं चित्र काढून दाखवलं, तर अख्ख्या वर्गाने ओळखलं. रहमान साहेबांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं. तुस्कानो सर खुर्चीत बसले होते. चेहऱ्यावर अजून अर्धी काळजी होती, पण रंग परत येत होता.

मग एक मुलगी उठली. दोन वेण्या, लाल रिबिनी. नंतर कळलं, तिचं नाव प्रिसिला. ती फळ्याच्या खालच्या कोपऱ्यापासून सावकाश, एकेक अक्षर कोरत लिहायला लागली. तिच्या डोक्याआड शब्द झाकले जात होते, त्यामुळे हॉलमधले आम्ही मराठी लोक माना वाकड्या करून वाचत होतो. लिहून झाल्यावर ती बाजूला झाली.

"तुम्ही एवढ्या लांबून आलात. मग गासला का नाही आलात?"

आम्ही वाचलं. जोशी सर खोकले. मी राऊत सरांकडे बघितलं, राऊत सर पंख्याकडे बघायला लागले.

"काय विचारतेय ती?" ग्रेसबाईंनी विचारलं.

भाषांतर करणं भाग होतं. मी केलं.

बाई क्षणभर पडद्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "हे गाव किती लांब आहे?"

"अर्ध्या तासावर."

"विमानाने?"

"नाही," मी म्हटलं, "सुमोने."

ग्रेसबाईंनी खुर्चीवरची पर्स उचलली आणि दाराकडे चालायला लागल्या. कार्लोसना काय झालं ते पुरतं कळलं नव्हतं, पण तेही उठले. शर्माजी उठले. सगळ्यांनी अध्यक्षांकडे बघितलं. रहमान साहेब उभे राहिले, कोट नीट केला आणि माईकवरून गंभीरपणे जाहीर केलं, "सेशन चालू आहे. फक्त जागा बदलली आहे!"

पाच मिनिटांत हॉल रिकामा झाला. इनासभाऊंची सुमो भरली, प्राध्यापकांच्या स्कूटरी निघाल्या. राऊत सरांच्या मागे कार्लोस बसले, आणि जोशी सर कुणाच्या तरी मोटरसायकलवर बॅग छातीशी धरून. मी दारापर्यंत गेले, तर जागाच उरली नव्हती. मागे वळले. तुस्कानो सर एकटेच कॉम्प्युटरपाशी बसले होते.

पडद्यावरची मुलं बुचकळ्यात पडली होती. त्यांना नुसत्या रिकाम्या खुर्च्या दिसत असणार. प्रिसिला फळ्यापाशी खडू हातात घेऊन उभी होती, काहीतरी चुकलं का आपलं, अशी.

सर उठले. चार्टपेपरवर एकच शब्द लिहिला आणि कॅमेऱ्यासमोर धरला.

"येतायत."

वर्गात एकच गडबड उडाली. भोईर बाईंनी आधी टेबल आवरलं, मग पदर सारखा केला, मग मुलांना ओळीत उभं करायला गेल्या. पण ओळ कसली! मुलं दाराबाहेर पळाली होती. शेवटी बाईही गेल्या. पडद्यावर नुसती बाकं आणि फळा राहिला. इकडे हॉलमध्ये आम्ही दोघं.

मी टेबलावरचे मार्कर गोळा करत राहिले.

बऱ्याच वेळाने स्पीकरमधून खरखर आली. मग कावळा ओरडला. आम्ही दोघांनी चमकून वर बघितलं. पुन्हा कावळा. गासचा! वर्गातल्या पंख्याची करकर ऐकू यायला लागली. आवाज आला होता. अगदी स्वच्छ, आपल्या शेजारच्या खोलीतून यावा तसा.

मग लांबून मुलांचा गलका, "आल्या! आल्या!" गाडी थांबल्याचा आवाज. दारं उघडली. आणि इनासभाऊ म्हणत होते, "ग्रेसबाय, सांभाळून उतरा, पुढे पायरी हाय!"

तुस्कानो सरांनी आवाज वाढवला. थोडा वेळ डोळे मिटून ऐकलं. मग खुर्ची मागे सारली, खिशातून स्कूटरची किल्ली काढली.

"मॅडम," ते म्हणाले, "येताय ना?"